उंद्रीहून निघालेले पाहुणे

"अन् पायात काय घालायचं रे मंग? तिथं तर वाळूच वाळू असीन."

वांग्याच्या सरीत उकिडवी बसलेली अन्नपूर्णाबाई फोन कानाला लावून मोठमोठ्यानं बोलत होती. वावरात विहिरीच्या या बाजूलाच काय ती रेंज मिळायची, म्हणून दर गुरुवारी दुपारी तीन वाजता तिचं निंदण नेमकं याच सरींमध्ये निघायचं. तिकडून तिचा एकुलता एक मुलगा हरिओम बोलत होता. तो मालदीवमध्ये समुद्रकाठच्या एका हॉटेलात नोकरीला होता.

"वाळूत नाई लागत व आई चप्पल. पान्यात उतरतानी लागते. रबराचे बूट भेटतात, पायाले चिपकून बसनारे. पान्याखाली प्रवाळ असते, दगडावानी टोकदार. पाय कापला त लवकर भरत नाई. अन् बालीले चाललेल्या त्या बँकेतल्या सायबाले सांग, प्रवाळावर उभं राह्यचं नाई, हात लावायचा नाई, अन् तुकडा त घरी आनायचाच नाई. विमानतळावर पकडतात."

"उभं राह्यचं नाई," अन्नपूर्णाबाई पाठ करत असल्यासारखी म्हणाली. "अन् उनाचं?"

"तिथंच त फसतात लोक! वारा असते ना, ऊन लागलेलं समजतच नाई. पहिल्याच दिवशी दुपारभर पोहत बसतात अन् संध्याकाळी पाठ टेकता येत नाई. बाहेर निंघायच्या अर्धा घंटा आधी क्रीम लावायचं, पान्यातून आलं की पुन्हा लावायचं. दहा ते तीन सावलीत बसायचं. तहान नसली तरी पानी पेत राह्यचं."

असं बराच वेळ चाललं. फोन बंद झाल्यावर अन्नपूर्णाबाईनं पडद्याकडे पाहिलं. सत्तावीस मिनिटं. तिचा चेहरा खुलला. पदरानं फोन पुसून तिनं तो कमरेच्या पिशवीत ठेवला आणि विळा उचलला.

आता खरं सांगायचं तर बँकेतला कुठलाही साहेब बालीला चाललेला नव्हता. त्या साहेबाची बदली होऊन चार महिने झाले होते आणि अन्नपूर्णाबाईचं त्याच्याशी जन्मात कधी बोलणं झालं नव्हतं.

हरिओम सतरा वर्षांचा असताना हॉटेलचा कोर्स करायला संभाजीनगरला गेला. तिथून गोव्याला, गोव्याहून या बेटावर. मध्यंतरी त्याचे वडील, कारभारी, वारले, तेव्हा तो अकरा दिवसांसाठी आला आणि बाराव्या दिवशी परत गेला. त्याला चार वर्षं झाली. फोन मात्र तो चुकवायचा नाही. गुरुवारी दुपारी त्याला सुट्टीचे दोन तास मिळायचे, तेव्हा करायचा. पण बोलायचं काय?

"जेवला का?"

"जेवलो. तू?"

"जेवली. तब्येत?"

"बरी हाये. तुही?"

"मले काय धाड भरली. काम?"

"चालू हाये. ठेवू?"

दोन मिनिटं. कधी दोन मिनिटं दहा सेकंद. पुढे काही विचारलं, लग्नाचं म्हणा, परत यायचं म्हणा, तर तिकडचा आवाज एकदम आटायचा. अन्नपूर्णाबाई मग फोन हातात धरून तशीच बसून राहायची. आठवडाभर साठवलेलं सगळं तिच्या तोंडातच राहून जायचं.

मग एकदा असं झालं, की शाळेतल्या प्राची मॅडम बहिणींबरोबर थायलंडला निघाल्या. बाजारात अन्नपूर्णाबाईकडून मेथीची जुडी घेता घेता त्या म्हणाल्या, "मावशी, तुमचा मुलगा तिकडंच असतो ना? समुद्रावर जाताना काय काय न्यावं, जरा विचारून सांगाल का?" अन्नपूर्णाबाईनं गुरुवारी विचारलं आणि हरिओम सुटलाच. त्याचं कामच ते होतं. नव्या आलेल्या पाहुण्यांना बोटीतून उतरवून घ्यायचं आणि कुठं पोहावं, कुठं पोहू नये, काय खावं, काय लावावं, हे समजावून सांगायचं. आईला सांगतानाही त्याचा आवाज कसा भरदार झाला होता! बावीस मिनिटं तो बोलला. फोन बिघडला की काय, असंच तिला वाटलं.

पुढच्या गुरुवारी गावातून कोणी जाणारं नव्हतं. दोन मिनिटं पाच सेकंद.

त्याच्या पुढच्या गुरुवारी "ठेवू?" असं ऐकू आलं आणि अन्नपूर्णाबाईच्या तोंडून आपसूक निघालं, "अरे थांब थांब. दवाखान्यातली सिस्टर चालली ना थायलंडले."

तेव्हापासून दीड वर्षात उंद्रीतून अकरा माणसं परदेशी समुद्रकिनाऱ्यावर जाऊन आली. सिस्टर गेली, ग्रामसेवक सहकुटुंब गेले, कृषी केंद्रवाल्या कडूबाला कंपनीनं नेलं, एसटीतून रिटायर झालेला एक कंडक्टरसुद्धा गेला. खुद्द उंद्रीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोण कुठं गेलं, हे अन्नपूर्णाबाई कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहून ठेवायची, कारण एकदा तिनं सिस्टरला दुसऱ्यांदा पाठवलं होतं आणि हरिओम म्हणाला होता, "लयच फिरते व ते बाई!"

तिला खोटं बोलायची हौस नव्हती. पण या बोलण्यातूनच पोरगा तिला जरा जरा दिसायचा. बोटीत पुढं बसू नये, मागं बसावं, पुढचा भाग आदळतो, हे सांगता सांगता तो म्हणून गेला होता, "म्या पहिल्यांदा आलो तवा तीनदा उलटी केली, कोनाले सांगतलं नाई." खारं पाणी अंगावर वाळू देऊ नये, गोड्या पाण्यानं लगेच अंग धुवावं, यावरून त्याच्या पाठीवर वर्षभर पुरळ होतं हे तिला कळलं. तब्येत कशी आहे असं विचारल्यावर 'बरी हाये' म्हणणारा मुलगा ग्रामसेवकाच्या काळजीपोटी आईला खरं सांगून जायचा. ही एवढीच तिची कमाई होती.

एक नियम मात्र तिनं कसोशीनं पाळला होता. कोणालाही थायलंडला पाठवायचं, बालीला पाठवायचं, हरिओमच्या मालदीवला चुकूनही पाठवायचं नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावरच्या एका गुरुवारी तो नियम मोडला. त्या दिवशी हरिओमचा आवाज फारच पडलेला होता. जेवला का म्हटलं तर "हाव," काम कसं आहे म्हटलं तर "हाये." अजून एक मिनिटही झालं नव्हतं आणि तो म्हणाला, "ठेवतो आई."

"अरे, ते नारायणराव नाई का आपले? त्याईचा पुतन्या, चिखलीले राह्यते तो, ऋत्विक. लग्न झालं त्याचं. नवरानवरी फिराले चालले."

"कुठं?" त्यानं विचारलं ते केवळ विचारायचं म्हणून.

त्याला जरा बरं वाटावं, एवढंच तिच्या मनात होतं. ती म्हणाली, "तुह्याच तिकडं."

फोन गप्प झाला. रेंज गेली असं वाटून ती उठून विहिरीजवळ गेली.

"आपल्या गावचे?" हरिओम म्हणाला. "इथी? कवा?"

"येत्या... पुढच्या शनवारी."

"आई, त्याइच्या हाती काई धाडशीन का?"

आता यावर कोणती आई नाही म्हणेल? गावातलं माणूस पोराच्या गावी चाललंय आणि त्याच्या हाती डबा गेला नाही, असं उंद्रीत आजवर घडलेलं नाही. पोरगं पुण्याला असो की सुरतेला, जाणाऱ्याच्या पिशवीत चार घरांचे डबे असतातच आणि जाणाराही कुरकुर करत का होईना, नेतोच.

"धाडीन ना बाप्पा. काय पाह्यजे?"

"जवसाची चटनी. मुंगवड्या. अन् कळन्याचं पीठ धाडशीन? भाकर मले येते करता. आमच्या स्वयपाकघरातला एक बंगाली तवा देते."

त्या दिवशी एकोणतीस मिनिटं झाली. आणि एवढ्यावर थांबलं नाही. शुक्रवारी त्याचा फोन आला. शनिवारीही आला. चार वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं, पोरगा रोज फोन करू लागला. जोडप्यानं फॉर्म आधी ऑनलाइन भरावा. दारूची बाटली आणू नये, तिथं काढून घेतात. देवाची मूर्तीही सोबत नको, तिथल्या कायद्यात बसत नाही. चार्जरला तिथला जाड तीन पिनांचा प्लग लागतो. नव्या नवरीला पोहता येत नसेल तर जाकीट मागून घ्यायचं, लाजायचं नाही. लाटेनं आत ओढलं तर घाबरून किनाऱ्याकडे धडपडायचं नाही, आडवं पोहत बाजूला व्हायचं.

"बिचारी घाबरीन," अन्नपूर्णाबाई म्हणाली. त्या घडीला प्रतीक्षा नावाची ती नवी नवरी तिच्या डोळ्यांसमोर खरंच उभी होती.

फोन झाला की मात्र ती भानावर यायची. उद्या सांगू, त्यांचं जाणं रद्द झालं म्हणून, असं ती ठरवायची. पण उद्या पुन्हा फोन येणार असायचा आणि आलेला फोन कोण घालवणार?

डबा तिनं खरोखर केला. बनवला असं फोनवर सांगायचं आणि बनवायचा नाही, एवढं खोटं तिच्यानं होईना. जवस भाजले, मुगाची डाळ वाटून वर घराच्या धाब्यावर वड्या घातल्या, ज्वारीत उडीद घालून कळणा दळून आणला. शेजारची शालूबाई वड्या राखायला म्हणून येऊन बसली.

"कोनाच्या हाती धाडतं व?" तिनं विचारलं.

"जाऊन राह्यलं एक जन," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि उगाच एक कावळा हाकलला.

बुधवारी ती चिखलीला गेली. टूरवाल्याच्या ऑफिसात काचेमागं एक तरुण मुलगी बसली होती. भिंतीवर निळ्याशार पाण्याची चित्रं होती. अन्नपूर्णाबाईनं डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "माय, मालदीवले कोनी चाललं का तुमच्याकडून? या शनवारी?"

"या महिन्यात कोणीच नाही मावशी. आमची एक बस काशीला आहे."

"पुढच्या महिन्यात?"

"थायलंडचा ग्रुप आहे जानेवारीत. डबा नाही घेणार पण कोणी. त्यांचं त्यांनाच वजन जास्त होतं."

"लय नाई हाये. चार किलो."

मुलीनं मान हलवली. तिचाही इलाज नव्हता. अन्नपूर्णाबाई भिंतीवरच्या चित्रांकडे पाहत थोडा वेळ थांबली. त्या पाण्यात कुठेच माणूस नव्हता. मग डबा काखोटीला मारून ती बस स्टँडवर आली.

शुक्रवारी तिनं मन घट्ट केलं. फोन उचलताच म्हणाली, "हरिओम, ऐक रे..."

"आई, तू ऐक आधी! म्या सुट्टी बदलून घेतली. आमच्या लोकाइची बोट सकाळी सातले विमानतळावर जाते, त्याच्यात जागा भेटली. मी सोता घ्याले जातो त्याइले. तू त्याइले सांगू नको, एकदम समोर उभा राह्यतो. चार वर्षात कोनी पाह्यलं नाई मले आपल्याकडचं."

"हरिओम..."

"डबा देल्ला ना?"

अन्नपूर्णाबाईनं डोळे मिटले. "देल्ला," ती म्हणाली.

शनिवारी पहाटे उठून तिनं फोन लावला. लागेना. वावरात गेली, विहिरीजवळ उभं राहून लावला. लागेना. बोटीवर असेल. दहा वाजता लावला तेव्हा नुसतीच घंटी वाजली. दिवसभर तिनं पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नाही. फोन हातात धरून ती वाफ्याच्या बांधावर, धुऱ्यावर बसली आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

चार वाजता त्याचाच फोन आला. मागं माणसांचा गलका होता.

"आई, त्याईचं इमान हुकलं का व?" तो काळजीनं विचारत होता. "अकरापासून उभा हावो. तीन इमानं आली इकडून. म्या आत इचारलं, ऋत्विक नावाचं कोनीच नाई म्हनतात. म्या पुठ्ठ्यावर नावं नाई लिवली, नुसतं 'उंद्री' लिवलं, मराठीत. म्हनलं गावाचं नाव दिसलं की पळत येतीन. एक अकोल्याचे काका थांबले. म्हने, खामगाव रोडवरचं उंद्री का? दोन मिनिटं बोललो. मंग त्याईची बोट आली. नारायणरावाले फोन लावून पाह्य ना. नवी पोरगी हाये संगं, कुठं अटकले असतीन..."

"हरिओम, कोनी निंघालंच नाई रे."

"रद्द झालं?"

"नाई. ऋत्विक कोनी नाईच हाये. म्या खोटं सांगतलं."

गलका तेवढा ऐकू येत होता. मग त्यानं हळूच विचारलं, "मंग तो बँकेतला सायेब?"

"तो बी नाई."

"सिस्टर?"

"नाई."

"ग्रामसेवक? लेकरं होती ना संगं. धाकट्याले उलटीची गोळी सांगतली होती म्या."

"नाई रे बाप्पा."

"कंडक्टर काका?"

"कोनीच नाई. प्राची मॅडम तेवढ्या खऱ्या."

एकेकाचं नाव घेऊन तो विचारत होता आणि एकेकाला ती पुसत होती. अकरा माणसं संपली. आपण पोराचं गावच रिकामं करून टाकलं, असं तिला वाटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात तिनं ते येऊ दिलं नाही.

"काऊन आई?" तो म्हणाला.

"तू बोलतो म्हनून रे. दुसरं काई ईचारलं त तू बोलत नाई."

मग तो म्हणाला, "बोट पाच वाजता हाये वापस." आणि फोन बंद झाला.

पुढच्या गुरुवारी ती तीनच्या आधीच जाऊन बसली. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला नाही. तिनंही लावला नाही. कोणत्या तोंडानं लावणार? शालूबाईनं विचारलं, डबा पोचला का. "पोचला," असं म्हणायला तिची जीभ उचलेना. "नाई पोचला," ती म्हणाली आणि शालूबाईला काय झालं ते सारं सांगून टाकलं. शालूबाई हसली नाही. रागावलीही नाही. "खुळी हायेस," एवढंच म्हणून तिच्याबरोबर सबंध एक सरी निंदून गेली.

तिसऱ्या गुरुवारी अन्नपूर्णाबाई दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. फोनची आशा तिनं सोडली नव्हती, पण तसं ती स्वतःलाही कळू देत नव्हती. सव्वातीनला फोन वाजला.

"जेवली का?"

"जेवली. तू?"

"जेवलो."

विचारायला एकही पाहुणा तिच्याजवळ उरला नव्हता. तीसेक सेकंद झाले असतील. आता 'ठेवू?' येणार म्हणून तिनं मन घट्ट केलं.

"गावातून कोनी निंघालं नाई ना?" हरिओम म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

"नाई. कोनीच नाई."

"बरं." मग तो म्हणाला, "आई, लय थकलो व मी. सकाळपासून तीन बोटी उतरवल्या. पडतो जरा."

"पड रे. ठेवते मी."

"नोको ठेवू. राहू दे चालू."

खाट करकरली. कुठंतरी पंखा फिरत होता. तिनं फोनचा आवाज मोठा करून तो धुऱ्यावर सपाट जागा पाहून ठेवला, त्यावर आपल्या पदराची सावली धरली. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला. लहानपणी झोपला की नाकातून बारीक शीळ यायची, ती अजून येत होती. अन्नपूर्णाबाई एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं मेथीच्या काड्या सारख्या करत बसली.

"अन्नपूर्णाबाई! उद्या बाजाराले येतं का व?" पलीकडच्या वावरातून शालूबाईनं खच्चून हाक मारली.

अन्नपूर्णाबाईनं झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं तिला गप्प राहायची खूण केली.

"झोपला हाये," ती कुजबुजली.